हाक न मारणारं दुकान

नुहैला,

झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. मोबाइलवर तू उघडं ठेवलेलं ते सपातांचं दुकान मी बंद केलंय. चिडू नकोस. पत्ता नाही, फोन नंबर नाही, माल दारात बघायच्या आधीच सगळे पैसे हवेत, आणि न मागताच किंमत निम्म्यावर! अगं, आपल्या फेजच्या बाजारात असं कोण विकतं? भाव पटला नाही की तुझे बाबा पाठ फिरवून चालू लागायचे. मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले की सपातावाले अल्लालचाचा दुकानातून ओरडायचे, "ये बाबा परत, लुटून ने मला!" त्या हाकेवर कळायचं, आता खरा भाव आला. त्या मोबाइलमधल्या दुकानाकडे पाठ फिरवून बघ, हाक मारतंय का.

सकाळी चाचांकडेच जाऊन आले. तुझ्या लग्नाच्या जरीच्या सपाता टेबलावर आहेत, घालून बघ. मी पावाचे गोळे भाजायला गल्लीतल्या भट्टीवर नेतेय.

चाचा फार थकलेत, विसरतात. विचारत होते, "नवरा कुठंय तुझा?" बाबा गेल्याचं माझ्यानं सांगवलं नाही. म्हटलं, "भाव पटला नाही, गेलेत पुढे चालत."

चाचा उठून दाराशी आले आणि कोपऱ्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

– आई