एका बाहीचा तोतया

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
अधीक्षक कार्यालय

विषय: बेकायदा अटकेची चौकशी होऊन अर्जदाराचा फोटो पोलीस ठाण्याच्या फलकावरून उतरवण्याबाबत.

संदर्भ: ठाणेदार साहेबांचा अर्धवट कोट, सध्या मुद्देमाल.

महोदय,

१. अर्जदार हा पोलीस ठाण्यासमोरचा शिंपी असून ठाण्याच्या सगळ्या वर्द्या तोच शिवतो. ठाणेदार साहेबांचे आणि अर्जदाराचे खांदे एका मापाचे. साहेबांना अंगावर घालून बघायला वेळ नसतो, म्हणून त्यांचा कोट अर्जदाराने घालून बघावा, ही सोय साहेबांनीच सुचवलेली. मंगळवारी खांद्याची चुणी उजेडात बघायला अर्जदार कोट घालून दारात आला. नुकतेच बदलून आलेल्या फौजदारांनी तोतया पोलीस म्हणून त्याची मानगूट धरली. कोटाला तेव्हा एकच बाही होती, दुसरी मशीनवर. अर्जदाराने ती बोटाने दाखवली, तर बोट दाखवतोस का म्हणून कानाखाली बसली.

२. अटकेचे कारण लेखी दिले नाही, घरी कळवले नाही, वकील बोलावू दिला नाही, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे नेले नाही. बायको चौकशीला आली, तर असा कुणी इथे नाहीच म्हणून तिला तोंडावर सांगितले. पायरीवर अर्जदाराच्या चपला होत्या, आणि त्यातल्या एकीचा अंगठा तिनेच शिवलेला. ती तिथेच चपलांशेजारी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी अर्जदाराला नुसते 'जा' म्हणाले, अटकेवेळी कोटासकट काढलेला त्याचा फोटो मात्र फलकावर तसाच ठेवला.

३. कोट सील करून ठाण्याच्या कपाटात ठेवला आहे. तरी साहेबांचा शिपाई रोज दुकानात येऊन कोट कधी देतोस म्हणून दम भरतो. तुमच्याच कपाटात आहे म्हटले, तर कारणे सांगू नकोस म्हणतो. अर्जदाराच्या डोक्यात तिडीक गेली आहे, हे तो अदबीने नमूद करतो.

४. तरी फोटो आजच उतरवावा. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्याआधी ताब्यात घ्यावे. फौजदारांची चौकशी करावी, आणि अटक चुकीची होती असे लेखी देऊन तो कागद फोटोच्याच जागी लावावा. अर्जाची प्रत न्यायालयाकडेही दिली आहे.

५. 'तोतयांपासून सावध' या फलकासमोरून अर्जदाराची मुलगी रोज शाळेत जाते. काल तिने विचारले, की बाबा, फोटोत तुमचा एक हात नुसत्या बनियनमधला दिसतोय, तो एवढ्या पोलिसांतल्या एकालाही कसा दिसला नाही? याचे उत्तर आपणच तिला द्यावे.

अजूनही आपला नम्र,
अर्जदार शिंपी
(सही)
दिनांक: सुटकेनंतरचा सोमवार

सोबत: कानाच्या तपासणीचा दवाखान्याचा दाखला, फलकावरील फोटोची प्रत.
दुसरी बाही जोडलेली नाही. लेखी माफी आल्यावर जोडून मिळेल.