न छेडलेल्या तारा

माझी आत्या आणि पियानोच्या माझ्या पहिल्या बाई,

या शहरात पियानोच्या सरावाला जागाच मिळेना. खोलीवर घरमालकिणीची सक्त मनाई, आणि तासाच्या भाड्याने मिळणारी खोली माझ्या पगारात बसेना. शेवटी पियानो दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या कारखान्यात जाऊन विचारलं. तो म्हणाला, "नव्या तारा वाजवल्याशिवाय सुरात बसत नाहीत. रोज सकाळी तासभर वाजवत जा. पैसे नकोत."

पहिल्या दिवशी वाजवून हात उचलले, तरी आवाज थांबेना. भोवती खोलून ठेवलेले वीसेक पियानो आपसूक गुणगुणत होते. मी वळून वळून बघू लागले.

"त्यांच्या तारा दाबून धरणाऱ्या गाद्या काढल्यात ना, म्हणून तुझ्या सुरांबरोबर त्याही थरथरतात," तो म्हणाला. "हात लावून बघ."

कोणीच न छेडलेल्या एका पियानोवर मी तळवा टेकला. लाकूड थरथरत होतं.

तेव्हा तू आठवलीस. ऐकू येईनासं झाल्यावर तू पियानोला कुलूप लावलंस, आणि तेव्हापासून तुझ्यापुढे मी सुरांचं नावही काढत नाही. म्हणून हे पत्रही टाकणार नाही. रविवारी स्वतःच येते तुला इथे आणायला. म्हातारा हो म्हणालाय. मी वाजवीन, तू फक्त हात टेकव.

तुझी,
अजूनही चौथ्या बोटाला चुकणारी भाची