निळ्या कोटाची बाही

प्रिय बुटके,

निळा कोट पाठव म्हणून तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी थाप मारली. आधी म्हटलं शोधते, मग म्हटलं धुवायला टाकलाय, आणि परवा तर आवाज येत नाही असं म्हणून फोनच ठेवून दिला. आवाज छान येत होता. सोमवारी तुझी नोकरीची मुलाखत आहे, विसरले नाहीये मी. बाबांचा गुडघा जरा बरा आहे, न्हाणीतला नळ गळतोच आहे, दोघांची कुरकुर दिवसभर चालू असते. तेवढं सोडलं तर घरात सध्या कोणी फारसं बोलत नाही.

तो कोट मी टकळीला दिला होता. आमच्या निवाऱ्यातली पोर गं, आई वाटेत गेल्यावर एकटीच दोन सीमा ओलांडून आलेली. तू सुट्टीत आलीस तेव्हा तुझी वेणी सोडून पुन्हापुन्हा घालत बसली होती, तीच. पंधरा वर्षांची. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून हे नाव पडलं. चार महिन्यांत आपली भाषा शिकली, कारण गप्प बसणं तिला जमायचंच नाही. आणि बोलायला लागली की डाव्या बाहीचं टोक तोंडात! मी किती ओरडायचे. निवाऱ्यातल्या तीन स्वेटरांची वाट लावली होती बाईसाहेबांनी.

आमच्या जेवणघरातली ती चौकट तू पाहिली आहेस. देशोदेशांनी मिळून केलेल्या करारातल्या गोष्टी सोप्या भाषेत लिहून लावल्यात. आई-बाप बरोबर नसलेल्या मुलाचं हित आधी बघायचं, त्याच्या पाठीशी एक जबाबदार माणूस द्यायचं, आणि वयाबद्दल शंका असेल तर ते मूलच आहे असं धरून चालायचं. नऊ वर्षं मी ती काच पुसतेय. टकळीच्या पाठीशी दिलेलं जबाबदार माणूस म्हणजे मीच.

तिची कागदपत्रं वाटेत पाण्यात गेली होती. म्हणून वय ठरवणारे दोन अधिकारी येणार असं पत्र आलं. आता मला कळतं तसं तेव्हा कळलं असतं तर तिला होती तशीच पुढे केली असती, फाटक्या चपलांत, बाही चघळत, बडबडत. पण मी पडले आई. चार लोकांसमोर पोर कशी नीटनेटकी दिसली पाहिजे, तुला मी हेच शिकवलं ना? सकाळी तिला न्हाऊ घातलं, केसांचा घट्ट अंबाडा बांधला, माझे काळे बूट दिले आणि वर तुझा कोट चढवला. वर बजावलं, ताठ बस, रडू नकोस, विचारतील तेवढंच बोल, आणि बाही तोंडात गेली तर याद राख. एका कागदावर लिहूनही दिलं, विसरेल म्हणून.

तिने माझा शब्दन् शब्द पाळला गं. पाऊण तास ताठ बसली. मोजकं बोलली. आई वाटेत कशी गेली ते विचारलं तेव्हाही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मी शेजारी बसून फुलून गेले होते. बाहेर आल्यावर शाब्बास म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली मी.

आठवड्याने निकाल आला. पेहराव व्यवस्थित, वर्तन संयत, उत्तरं मोजकी, सबब वय अठराच्या वर. शंकेचं कुठे नावच नाही, कारण शंकेला मी जागाच ठेवली नव्हती. संध्याकाळच्या आत तिला मोठ्यांच्या बंदिस्त छावणीत नेलं. गाडीत बसतानाही ती ताठ होती, माझ्याकडे बघत, बरोबर करतेय ना म्हणून. वकीलबाईंनी अपील केलं. मी त्यांना सगळं लेखी दिलं, अंबाडा, बूट, कोट, सगळं. त्या म्हणाल्या, उशीर झालाय, पण बघू. तिच्या शाळेचा दाखला मिळवायला सात आठवडे लागले. त्यात पंधरा वर्षं स्पष्ट आहेत. तो हाती येण्याच्या चार दिवस आधी तिला विमानात बसवून परत पाठवलं होतं. कुठे, कोणाकडे, ते सांगत नाहीत. मूल ठरली असती तर त्यांना मला कळवावं लागलं असतं. मोठ्या बाईची चौकशी करणारी मी कोण?

काल एक पार्सल आलं. कॉलरला आतून तुझं नाव आणि पत्ता शिवलेला होता ना, शाळेच्या सहलीसाठी मी शिवलेला, त्यावरून छावणीने तिथे मागे राहिलेला कोट घरी पाठवला. खिशात माझ्या अक्षरातला तो कागद निघाला, घडीवर फाटलेला. आणि डाव्या बाहीचं टोक, बुटके, चावून चावून पार दोरे निघालेत. तिथे एकटी बसून चघळली असेल. हा पुरावा त्या दिवशी त्या टेबलावर हवा होता, आणि मीच तो तिच्या तोंडातून काढून घेतला. म्हणून कोट पाठवत नाही. सोमवारी तुला जे घालावंसं वाटेल ते घाल, पोटभर बोल, रडू आलं तर रड. माझं काही ऐकू नकोस.

तुला ताठ बसायला शिकवणारी,
तुझीच
आई