फणस पाडायच्या आधी

पार्से, पेडणे
श्रावणातला शुक्रवार

प्रिय श्रद्धे,

पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: आई ठणठणीत आहे. काल पोदेराला अंगणात उभं करून, पाव हल्ली वाऱ्यानं उडतात, असं तिनं सुनावलं. बिचारा सायकल धरून ऐकत होता. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू 'बघूया गे' म्हणतेस आणि मग आपण दोघी आपापल्या गुडघ्यांवर बोलत बसतो. या गोष्टीला 'बघूया गे' पुरणार नाही. शिवाय ती धड सुरूही होत नाही, कारण तिची सुरुवात आपल्या संडासापासून आहे. जेवत असलीस तर नंतर वाच.

मागच्या दारचा फणस पाडला, हे तुला ठाऊक आहे. मी फोटो पाठवला होता आणि तू तो पिवळा रडका चेहरा पाठवला होतास. पाडणं भागच होतं. एक बाजू सुकून कोळसा झाली होती आणि मे महिन्याच्या वाऱ्यात एक फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर आली, तीही आई खाली नारळ किसत असताना. आई म्हणाली, फांदी पडली ती पडली, पण खोबऱ्यात माती गेली. मी मात्र घाबरले. रीतसर परवानगी काढली आणि दोडामार्गाकडचा बाबली म्हणून एक झाडं पाडणारा आहे, त्याला बोलावलं. बाबलीची जीभ त्याच्या करवतीपेक्षा लांब चालते. आपण पाडलेल्या झाडांच्या कथा त्यानं अशा सांगितल्या की शिकारीतून आल्यासारखं वाटावं. त्याचं म्हणणं, झाड घरावर कललंय, दोरानं भागायचं नाही, हायड्रा क्रेन परसवात उभी करून खोड वरच्या वर धरायचं आणि तुकड्यातुकड्यानं उतरवायचं. मग त्यानं विचारलं, तुमचा सोक पिट कुठं आहे? गेल्या वर्षी कुठल्याशा गावात त्याच्या क्रेनचं चाक असल्याच एका खड्ड्यात गेलं होतं आणि चालवणारा कमरेपर्यंत आत. तेव्हापासून बाबलीची बायको त्याला कामाला सोडताना हा प्रश्न पाठ म्हणून घेते.

तर आपला सोक पिट कुठं आहे? टाकी न्हाणीमागं आहे, ती सगळ्यांना माहीत. पण टाकीतलं पाणी पुढं नळातून ज्या चिऱ्यांच्या खड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं, तो खड्डा बाबांनी बांधून, वर शिळा घालून, माती लोटून टाकला, तेव्हा तू पाळण्यात होतीस आणि मला आठवतो तो फक्त समारंभ. वाड्यावरचा पहिला घरातला संडास. लोक बघायला यायचे आणि बाबा फरशा कुठून आणल्या ते सांगायचे. पाणी कुठं जातं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता बाबा नाहीत, बांधणारा गवंडीही नाही.

गावात एखादी गोष्ट कुणालाच माहीत नसली की ती सगळ्यांना माहीत असते. शेजारच्या सुदेशनं शपथेवर सांगितलं की खड्डा विहिरीजवळ आहे. मग त्याचं त्यालाच काहीतरी सुचलं असावं, कारण त्यानं आपल्याकडचा चहा घेणं सोडलं. बाबलीनं लोखंडी पहार घेऊन मागचं परसू टोचून काढलं, पण आपल्या जमिनीत जिथं टोचाल तिथं चिराच लागतो. मी रंगाचं पाणी ओतून बघितलं. रंग कुठंच वर आला नाही. संडासात शिगमो कोण खेळलं, एवढंच आईनं विचारलं. तिला खड्ड्याचं विचारलं तर म्हणाली, दादल्यांची कामं ती, मला काय खबर.

तुला वाटेल, वय झालं, विसरली असेल. श्रद्धे, आई काही विसरत नाही. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचवथीला योगेशनं आणलेला केळीचा घड तिला अजून आठवतो. मलाही आठवतो. सुर्ल्याहून खनिजाचा ट्रक धुऊनपुसून आणला होता त्यानं, तरी लाल धूळ राहिलीच असेल म्हणून संकोचानं तिठ्यावरच लावला आणि तिथून घड खांद्यावर घेऊन चालत आला. त्याच्या आईनं स्वतःच्या केळीचा पाठवला होता. आपल्या आईनं त्यावरून हात फिरवला, 'बरो घड. घराक जातलो,' म्हणाली, म्हणजे घरच्यांना खायला, आणि तो स्वयंपाकघरात टांगायला लावला. गणपतीच्या डोक्यावर फळंपानं टांगतात त्या माटोळीला मात्र म्हापशाच्या बाजारातला घड चढला. तू स्टुलावर उभी होतीस, हातात केवणीच्या सालीची दोरी. बाबांच्या शेजारी उभं राहून लहानपणापासून माटोळी तूच बांधायचीस. रानातली कांगलां, कवंडळ, घागऱ्या, सुपारीचा कातरा, काय कुठं लटकायचं ते तुलाच ठाऊक. तू घड कुठं गेला ते पाहिलंस, खाली उतरलीस, केवण जनेलावर, खिडकीच्या कठड्यावर, ठेवलीस आणि सगळ्यांना जेवायला वाढलंस. योगेशची जात आपली नाही, हे आई त्या दिवशी म्हणाली नाही आणि नंतरही कधी म्हणाली नाही. तुझ्या बाळंतपणाला ती महिनाभर सुर्ल्यात राहिली, साईशला तिनंच न्हाऊ घातलं, तुमच्या चुलीवरचं जेवली. तू बारा महिने येतेस, लोणचं नेतेस. फक्त चवथीला तुझी शाळेची कामं निघतात. चवथीला शाळा बंद असतात, हे आईलाही माहीत आहे.

तेव्हापासून माटोळी मी बांधते. त्याबद्दल बोलायला नको. गेल्या वर्षी ऐन आरतीत तोरिंगाचं फळ सुटलं आणि मोदकांच्या ताटात पडलं. देव हसला असेल. आई हसली नाही.

असो, फणस. शेवटी बाबली म्हणाला, विहिरीपासून लांब, न्हाणीपासून लांब, क्रेन कोपऱ्यातल्या माडाखाली उभी करूया. तो आपला थोरला माड, ज्याचे नारळ लांबट आणि तांबूस असतात. क्रेन आली. पण पाडायच्या आधी जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय बाबली करवतीला हात लावत नाही. मी पडवीतून नारळ आणायला गेले. पडवीत नारळांचे दोन ढीग असतात, तुला आठवत असतील. मी इतकी वर्षं समजत होते, एक विकायचा, एक ठेवायचा. देवाचं काम म्हणून त्यातल्या त्यात देखणा उचलला. बाबलीनं तो फणसाच्या बुडाशी ठेवला आणि असं गाऱ्हाणं घातलं की त्यात झाड, घर, मी, आई, क्रेन, क्रेनचं डिझेल आणि बाबलीची बायको सगळी आली. प्रत्येक वाक्यामागं आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो. तो आवाज ऐकून आई काठी टेकत मागच्या दारी आली. तोवर गाऱ्हाणं संपलं होतं आणि क्रेन मागं मागं माडाकडं सरकत होती.

आईनं क्रेनकडं पाहिलंच नाही. तिनं नारळ पाहिला.

'हो कोणे दिलो गे? त्या माडाचो नारळ देवाक चलना. तो घराक.'

मी विचारलं, का? सगळ्यांत चांगला तर तोच माड. घरात संडास झाल्यापासून तिनं त्याचा एक नारळ देवापुढं ठेवला नव्हता, फक्त आमटीत आणि तेलात घातला होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ती वैतागली. चारचौघांत, परक्या माणसांपुढं, मी तिला हे बोलायला लावत होते.

'त्याची मुळां खंय गेल्यात तें आतां माका तोंडान सांगूंक जाय?'

श्रद्धे, मी आयुष्यात एवढ्या जोरात ओरडले नाही. क्रेन थांबली. बाबलीनं चाकाच्या मागं पहार मारली, ती दणदणली नाही, पोकळ वाजली. माती काढली तर खाली शिळा. मधली दुभंगलेली, माडाच्या मुळांनी कशीबशी धरून ठेवलेली. चाक आणखी एक हात मागं गेलं असतं तर क्रेन आत आणि चालवणारा तिच्याखाली. तो पोरगेला माणूस उतरून पायरीवर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. आईनं त्याला सोलकढी दिली, ओट्यावर बसवून. मी तिला म्हटलं, इतके दिवस विचारत होते, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू खड्डा विचारत होतीस. खड्डा तिनं कधी पाहिला नव्हता. तिला सासूनं सांगितलं होतं ते एवढंच की ह्या माडाची मुळं घाणीत जातात, त्याचं देवाला नको, आणि तिनं ते पाळलं होतं.

राहता राहिला नारळ. आई म्हणाली, तो उचला, दुसरा ठेवते. बाबली ऐकेना. गाऱ्हाणं झालेला नारळ उचलायची त्याची टाप नव्हती. 'आये, राखणदारान घेतल्यान तो. आता तुम्ही परत मागतल्यात काय?' त्यानं नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबऱ्याची शेरणी वाटली. आईच्या हातावरही तुकडा ठेवला. तिनं तो पदरानं पुसला. मग खाल्ला. क्रेन पुढच्या बाजूनं आणली, फणस संध्याकाळपर्यंत उतरला, खड्ड्यावर नवी शिळा बसली. माड आहे तिथंच आहे.

मला वाटलं, संपलं.   पण पडवीतले देवाचे आणि घरचे असे नारळांचे दोन ढीग एके दिवशी एक झालेले दिसले.  गेल्या सोमवारी खोबरं किसताना ती आपणहून म्हणाली, 'राखणदारान तो नारळ घेतलो आनी त्या पोराक राखलो. न्हय मगे?' मी म्हटलं, होय. 'मगीर देवाक चलना म्हूण माका कोणे सांगिल्लें?' मी म्हटलं, तुझ्या सासूनं. आई किसत राहिली. किसून झाल्यावर म्हणाली, 'ती खंय देवाक विचारूंक गेल्ली.' आणि मग, खोबऱ्याचं ताट उचलता उचलता, माझ्याकडं न बघता, 'श्रद्धाक पत्र बरय.'

तर हे ते पत्र. काय लिहू, असं विचारलं तेव्हा म्हणाली, तुला शिकवलंय कशाला. तेव्हा शब्द माझे आहेत, निरोप तिचा. काल तिनं पाडेलीला त्या माडावर चढवला, देठासकट दोन नारळ उतरवून घेतले आणि माटोळीच्या मध्यावर बांधायचे म्हणून बाजूला ठेवले. कोण बांधणार, हे तिनं मला पाहून ठरवलं आहे: 'हिका गांठ मारूंक येना.' केवण आतापासूनच आणून जनेलावर ठेवली आहे, तू ठेवली होतीस तिथंच. चवथीपर्यंत ती सुकून तुटेल म्हटलं, तर म्हणाली, भिजत घालतात. योगेशच्या आईची ती केळ अजून आहे का, हेही विचारायला सांगितलंय. असली तर घड घेऊन या, आणि या वेळी खांद्यावरून नको. ट्रक तिठ्यावर लावायचा नाही, सरळ अंगणात आणायचा. खड्डा कुठं आहे ते आता आम्हाला ठाऊक आहे, आणि चाक कुठून न्यायचं ते आई स्वतः दारात उभी राहून काठीनं दाखवणार आहे.

तुझीच,
विनूताई