त्याला दात बसवू नयेत

मी, शेवटी सही करणारी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे पूर्ण नाव, वय व पत्ता वकीलबाईंनी टाइप करून जोडलेल्या पहिल्या पानावर आहेत, ते इथे पुन्हा गिरवत नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी आज वार कोणता ते विचारले, तो माझा चुकला. "कामाला जायचं नसेल तर वार लागतो कशाला?" असे म्हटल्यावर त्या हसल्या आणि त्यांनी दाखला लिहून दिला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाईंनी नमुना दिला होता, पण त्यात कारणे लिहायला जागाच नव्हती. कारणे न सांगता वाटण्या केल्या की मागच्यांनी नाही नाही ते तर्क करावेत, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे.

१. घर. मी व माझे दिवंगत यजमान यांनी मिळून घेतलेले हे घर माझ्या पश्चात माझी मुलगी व माझा मुलगा यांना समसमान मिळावे. जिन्याच्या टोकाची कामाची खोली मुलीच्या वाट्यात धरावी. तिथे तिने भूगोलाच्या शिकवण्या घ्याव्यात, भाडेकरू ठेवावा, नाहीतर कपडे वाळत घालावेत. आईची आठवण म्हणून कुलूप लावून मात्र ठेवू नये. बंद खोलीला कुबट वास येतो.

२. बँकेतील ठेवी. आजारपण व अंत्यविधीचा खर्च भागवून जे उरेल ते दोघांना निम्मे-निम्मे. यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर कलम सात आहे. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी, कारण मुलगा कागद हातात आला की चष्मा शोधत बसतो.

३. धंद्याची हत्यारे. स्पिरिटचे दिवे, कोरण्या, घासायचे यंत्र व तयार दातांच्या उरलेल्या पट्ट्या माझ्याकडे काम शिकून आज स्वतःची प्रयोगशाळा चालवणाऱ्या चिमणीला द्याव्यात. (आम्ही तिला चिमणीच म्हणतो, तिला नातवंडे झाली तरी.)

दात कोरून पोट भरत नाही, अशी म्हण आहे. माझे भरले. मी कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर माप पाठवत, त्यावरून मी प्लास्टरची हिरडी ओतत असे, तिच्यावर गुलाबी मेण चढवून तयार दात एकेक करून मांडत असे. कवळी पुरी झाली की माझे यजमान ती डबीत घालून स्कूटरवरून डॉक्टरकडे पोचवत. ज्याच्या तोंडात ती जाणार तो माणूस आम्हाला कधी दिसत नसे. सगळे आयुष्य हसणी बनवण्यात गेले, पण हसणारा एकही पाहिला नाही, आणि याचे मला काही वाटतही नव्हते. हात चालत, रेडिओ चाले, दिवस संपे.

४. माझा थोरला भाऊ, दादा, यास काही देत नाही. त्याचे कारण लिहिते.

तरुणपणी मी शिल्पकला शिकत होते. मातीत डोकी करायची, मग ती प्लास्टरमध्ये ओतायची. वडील गेल्यावर घर दादाच्या हाती आले. शिक्षण पुरे करू दे म्हणून मी त्याच्यापुढे दाताच्या कण्या केल्या. तो म्हणाला, "डोकी करून कुणाचं पोट भरलंय? कवळ्यांच्या कारखान्यात जागा आहे. दात सगळ्यांचेच पडतात." त्यात त्याचे फार चुकले असे नाही, घरात खाणारी तोंडे होती. पण पुढे न्हाणीघराची फरशी उकरून नवी घातली तेव्हा भर कमी पडली म्हणून त्याने माझी तीन डोकी फोडून खाली घातली. मी कामावरून आले, तोवर वर सिमेंट ओतून झाले होते. "पडूनच तर होती," म्हणाला. त्या न्हाणीघरात मी लग्न होईपर्यंत अंघोळ केली.

दादा आता म्हातारा आहे. त्याच्या तोंडात मी केलेली कवळी आहे आणि तिच्याबद्दल त्याने कधी पैसे विचारले नाहीत, मीही मागितले नाहीत. माझा राग आता पूर्वीसारखा उरलेला नाही, पण हक्क सोडत नाही. ते न्हाणीघर पुढेमागे उकरले गेले, तर खाली जे निघेल, मग ते नाक असो की कान, ते माझे आहे व माझ्या मुलीस मिळावे.

५. मेणाचे पहिले डोके. हे अंगठ्याएवढे गुलाबी डोके तिकीटवाल्या बाईंना द्यावे. ते खरे तर त्यांचेच आहे.

एका दुपारी या बाई जिना चढून थेट आमच्या कामाच्या खोलीत आल्या. हातात रुमाल, रुमालात कवळी. सिनेमागृहाच्या खिडकीवर त्यांनी आयुष्यभर तिकिटे विकली होती, आणि आवाजही तसाच, काचेच्या भोकातून बाहेर पडायला सरावलेला.

"ही तुम्हीच केलीय ना?"

"हो. टोचते का?"

"टोचत नाही. चावता येतं, बोलता येतं. पण हसले की आरशात दुसरीच कुणीतरी हसते. मला ती बाई आवडत नाही."

माझ्या कामाबद्दल असे कोणी कधी बोलले नव्हते. मी त्यांना बसवले आणि त्यांचे स्वतःचे दात कसे होते ते विचारले.

"वरचा एक तिरका. शेजारच्यावर चढलेला. आई म्हणायची, हिचे दात भांडतात."

"फोटो आहे?"

"सगळ्या फोटोंत तोंड मिटलेलं. दात तिरका म्हणून! आणि आता बघा, तोच हवाय."

मी म्हटले, मग हसून दाखवा. हुकमावर कुणाला हसू येते? बाई अवघडून बसल्या. कोपऱ्यात आमचे हे डब्या बांधत होते. ते उठले, शर्टाच्या खिशातून स्वतःची कवळी काढून बाईंपुढे धरली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "मी हिचा नवरा. ही माझी, हिनंच केलेली. खिशात अगदी छान बसते."

बाई हसल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात कधी खाली आला ते त्यांनाही कळले नाही. तोंडात एकही दात नव्हता, तरी मला तो तिरका दात दिसला. उजवा गाल आधी वर गेला, डोळा मिटला आणि वरचा ओठ एका बाजूला सरकला. कित्येक वर्षांपूर्वी पडलेल्या दाताला तो ओठ अजून जागा करून देत होता.

मी कवळी नव्याने केली. एक दात फिरवून शेजारच्यावर चढवला, कड घासली. बाई ती घालून हसल्या, आरशात खूप वेळ पाहत राहिल्या आणि "आली परत," एवढेच म्हणून गेल्या. उरलेले मेण मी दिव्यावर धरले, ते पातेल्यात टाकायचे म्हणून. बोटांनी टाकू दिले नाही. गाल झाला, मिटलेला डोळा झाला, सरकलेला ओठ झाला. हे जेवायला हाका मारून दमले, शेवटी ताट घेऊन वर आले. मी काम करताना स्वतःशी पुटपुटत होते, असे त्यांनी मला सांगितले. मला पत्ताच नव्हता.

त्यानंतर मी हसणारी डोकी करीत सुटले. कोणाचे हसणे कुठून सुरू होते ते भाजीच्या दुकानात, बँकेच्या रांगेत उभी राहून बघू लागले. मुलगी म्हणायची, "आई, लोकांकडे असं टक लावून बघू नये." मी म्हणायची, "अगं, कामावर आहे."

६. साचे. माझ्याबरोबर शिल्पशाळेत शिकलेला आणि पुढे स्वतः घडवणे सोडून दुसऱ्यांचे विकायला लागलेला एक मित्र आहे, त्याला मी दालनवाला म्हणते. तो स्वतःच्या कवळीसाठी आला आणि खिडकीतली डोकी पाहून गेला. त्याने ती धातूत ओतवली, त्याच्या कलादालनात मांडली. खपली. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? आमच्या ह्यांनी तर ओळखीच्या प्रत्येक डॉक्टरला दालनात नेऊन आणले.

पुढे हे गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

काही आठवड्यांनी दालनवाल्याचा फोन आला. "राहिलेली डोकी कधी देतेस?"

"हसू येत नाही रे."

"तुला कुठे हसायचंय? डोक्यांना हसवायचंय."

आणि मला ते जमले, हेच वाईट झाले. हसऱ्या ओठांचे साचे तयार होते. त्यातून ओठ काढायचे, डोक्याला लावायचे. माझी मुलगी एकदा पेपर तपासायला माझ्याजवळ येऊन बसली होती. मध्येच मान वर करून म्हणाली, "आई, तू पुटपुटायची बंद झालीस. पुन्हा रेडिओ लावतेस."

मी टेबलावर पाहिले. एकाच उंचीची, एकाच हसण्याची डोकी ओळीने उभी होती. मी पुन्हा कवळ्याच करू लागले होते.

दुसऱ्या दिवशी दालनवाल्याची उचल त्याला परत केली. तो भडकला. "वेडी आहेस! या वयात कुणी दिशा बदलतं का?"

"या वयातच बदलायची. आता वळसे घालायला सवड नाही," मी म्हटले.

तरी ते सगळे साचे मुलीने माझ्या पश्चात हातोडीने फोडावेत, व त्यांतून कोणासही नवीन प्रत काढू देऊ नये. कामाच्या खोलीतले लाकडी स्टूल दालनवाल्याला द्यावे, तो त्यावर बसूनच माझ्याशी वाद घालतो. आमचा अबोला बराच टिकला असता, पण त्याची कवळी सैल झाली.

७. मातीवरून प्लास्टरमध्ये ओतलेले, झोपलेल्या पुरुषाचे मोठे डोके. हे माझे यजमान आहेत.

डोकी बंद केल्यावर बरेच महिने काही सुचले नाही. मेण घ्यायची, दाबायची, पुन्हा गोळा करायची. मग एका दुपारी लक्षात आले की मी सारखी त्यांच्या चटईच्या जागेकडे बघते आहे. तिथे ते दुपारी आडवे व्हायचे. कवळी खिशात, तोंड उघडे, ओठ आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. तो चेहरा मी रोज पाहिला होता आणि तो घडवण्याजोगा आहे असे कधी मनात आले नव्हते.

मेणात तो मावेना. मी माती आणली, तरुणपणानंतर पहिल्यांदाच. पहिल्या दिवशी नुसती मळली. हे डोके कोणी मागितले नव्हते, ते कोठे जायचे नव्हते, आणि तरी तो वरचा ओठ नीट आत वळल्याशिवाय मला जागचे उठवत नव्हते. कितीदा मोडले, कितीदा रडले. पण सकाळी जिना चढताना पाय आपोआप भरभर पडत. आपल्याला काय करायचे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते पाय होते.

माझा मुलगा दातांचा डॉक्टर आहे. त्याने ते पाहिले आणि दारातच थांबला.

"आई, हे काय?"

"तुझे बाबा."

"बोळके?"

"झोपलेले."

"माझ्या दवाखान्याची उलटी जाहिरात आहे ही! दातांच्या डॉक्टरचा बाप आणि तोंडात दात नाही. बाबांचं हसं करतेस तू. ठेवायचंच असेल तर दात तरी बसव."

मी नाही म्हटले. तो वर यायचा बंद झाला. स्वयंपाकघरात बसायचा, माझी गोळ्या-औषधे बघायचा आणि जायचा. बहिणीने माझी बाजू घेतली म्हणून तिच्याशीही बोलेना.

मग एकदा चष्मा शोधायला म्हणून तो वर गेला तो खाली येईना. मी चहा घेऊन गेले. हा डोक्यापुढे उकिडवा बसलेला, अंगठा ओठाच्या आत घालून हिरडी चाचपत होता.

"डावीकडे हिरडी बसलीय, ते तुला कसं कळलं?"

"रोज बघत होते की."

अंगठा बाहेर काढून म्हणाला, "सगळे दात मीच काढले ना गं. नवा दवाखाना, पहिला पेशंट बाबाच. हलत होते, काढायलाच हवे होते. पण त्यांना असं झोपलेलं बघितलं की वाटायचं, आपण काय करून ठेवलं हे. तू केलेली कवळीसुद्धा कधी घातली नाही त्यांनी."

तेव्हा मला कळले की याला ते माहीतच नाही. मी सांगितले. त्या दिवशी हे तोंडात कापूस घेऊन घरी आले आणि कापसातूनच म्हणाले, "पोराचा हात हलका आहे, कळलंसुद्धा नाही." दुसऱ्या दिवसापासून डब्या पोचवायला जातील त्या प्रत्येक डॉक्टरपुढे तोंड उघडून दाखवायचे. "बघा, माझ्या मुलानं काढलेत. कुठं खूण तरी आहे का?" मी कवळी घाला म्हणून मागे लागले की म्हणायचे, "घातली तर दाखवू काय?"

मुलगा खाली बसला. चहावर साय धरली. शेवटी तो म्हणाला, "घोरण्याचा आवाज तेवढा राहिलाय," आणि आम्ही दोघेही डोळे पुसत हसलो.

हे डोके मुलास द्यावे. दालनवाल्याने मागितले तरी देऊ नये. मुलाने ते दवाखान्यात ठेवावे, घरात ठेवावे, नाहीतर कपाटात. अट एकच. त्याला दात बसवू नयेत.

८. टेबलावर ओल्या फडक्याखाली एक काम आहे. त्यात हसणे नाही, दात नाहीत, बहुधा चेहराही नाही. मी गेले तेव्हा ते अर्धवट असेल तर कोणी पुरे करू नये व त्याला नाव देऊ नये, माती भिजवून चिमणीच्या नातवंडांना खेळायला द्यावी. त्याचे काय होणार आहे ते मला ठाऊक नाही. उद्या सकाळी थोडे कळेल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, समजून सही करीत आहे. साक्षीदारांना यातून काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून दोघांना चहा आधीच पाजला आहे.

ठिकाण: राहते घर, कामाची खोली
दिनांक: दाखल्यावर आहे तोच, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला

लिहून ठेवणार: (सही)

आमच्यासमक्ष सही केली. बाई पूर्ण शुद्धीत असून घाईत आहेत. सहीशेजारी मातीचा जो ठसा उमटला आहे तो त्यांच्याच अंगठ्याचा असून आमच्यासमोर उमटला आहे. तो डाग समजू नये.

साक्षीदार: (सही) खालच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले
साक्षीदार: (सही) डॉक्टरीणबाई