ओपलची पट्टी

थिसल क्रॉसिंग, वायोमिंग
१२ ऑगस्ट

प्रिय लायल,
स. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून तू आठ्या घालशील. कारण तुझे कान. तुला काही सांगायचं तर मला ओरडावं लागतं आणि तू तिकडून त्याच्या दुप्पट ओरडतोस. गेल्या वेळी माझी दाढ दुखत होती, ते तुझ्याकडच्या अख्ख्या कॅफेला कळलं. आता लिहितेय ते कुणाला कळायला नको, म्हणून कागद. कान तपासून घे असं सहा वर्षं सांगतेय, पण तू ऐकशील तर शपथ!

आमच्या शाळा-मंडळानं अखेर ठराव केला. राज्याच्या कायद्यात सोय होतीच. शाळेतल्या कुणी आपणहून तयारी दाखवली, प्रशिक्षण घेतलं आणि मंडळानं मंजुरी दिली, तर त्यानं पिस्तूल जवळ बाळगायचं. नाव गुप्त ठेवायचं. सभेत आमचे हेडमास्तर ऑडेगार्ड सर उठले आणि म्हणाले की कुणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर शेरीफची गाडी इथं पोचायला पन्नास मिनिटं लागतात, बर्फ असलं तर देवच जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीपाशी गाठून विचारलं की मी तयार होईन का. दर वर्षी गावात पहिलं हरीण मीच पाडते हे त्यांना माहीत आहे. पण हरीण वेगळं आणि हे वेगळं. सव्वीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतेय, यंदा अकरा पोरं आहेत. काय करू, सांग. शेरीफच्या खात्यात आयुष्य काढलेला घरात तूच एक आहेस.

बाकी ठीक. जंगली चेरीचा जॅम केलाय, चार बरण्या तुझ्या नावानं ठेवल्यात. शाळेचा बॉयलर आणि झाडलोट बघणारा एमेट नाताळला निवृत्त होतोय. त्याच्या जागी कुणी मिळत नाही, म्हणजे जानेवारीत आम्ही सगळे कुडकुडणार.

तुझ्या लोभाची सवय झालीय, ती मोडू नकोस.
तुझी,
कॉरीन


रेड बेंच
२० ऑगस्ट

चि. कॉरीन हिला,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. माझे कान उत्तम आहेत. लोकच हल्ली पुटपुटतात.

हो म्हण.

का, ते सांगतो. विनी स्कॉगची आठवण आहे? चौफुलीवर दुकान होतं तिचं, लहानपणी आपल्याला फुकट लॉलीपॉप द्यायची. तिचा जावई बंदूक घेऊन निघाल्याचा फोन आला तेव्हा ड्यूटीवर मी होतो. मी त्रेचाळीस मैल लांब. रस्त्यावर बर्फ. गाडी जेवढी पळेल तेवढी पळवली, दोनदा खड्ड्यात जाता जाता वाचलो. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पेपरात छापून आलं की पोलीस तातडीने हजर झाले. ते कात्रण तू आईला वाचून दाखवलंस, मी समोर बसून मटार सोलत होतो.

गाडी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. त्या वेळी तिथं कुणीतरी असावं लागतं. शाळेत ते कुणीतरी तू असलीस तर मला झोप लागेल. नेम तर तुझा माझ्यापेक्षा चांगला. हे लिहून दिलंय, पण चारचौघांत कबूल करणार नाही.

जॅम पाठव. बरण्या परत मागू नकोस.

आशीर्वाद आहेतच,
लायल


थिसल क्रॉसिंग
६ ऑक्टोबर

प्रिय लायल,
स. न. वि. वि.

झालं एकदाचं. सगळे दिवस भरले, परीक्षा दिली. शिकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. पहिल्या दिवशी मला 'आजी, सांभाळून' म्हणाला, शेवटच्या दिवशी 'मॅडम' म्हणायला लागला. मंडळानं मंजुरी दिली. आता उजव्या कमरेला पिस्तूल आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचा स्वेटर. बायका विचारतात, कॉरीन, तुला एवढी थंडी कशी वाजते. मी म्हणते, वय झालं!

पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पहिलीतली पोरं कमरेला मिठी मारतात. त्यांची उंचीच तेवढी. सकाळी दारात उभी राहिले की अकरा जण येऊन बिलगायचे. आता मी तिरकी उभी राहते, डावी बाजू पुढे करते, कुणी उजवीकडून आलं तर हातानं अडवते. ओपल म्हणून एक मुलगी आहे, गुरांच्या रान्चवरची, पुढचे दोन दात पडलेले. ती लगेच म्हणाली, टीचर, तुम्हाला इथं बाऊ झालाय का? मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज विचारते, बाऊ बरा झाला का म्हणून. सहा वर्षांच्या मुलीशी रोज खोटं बोलायची वेळ आलीय.

तसा प्रसंग आला तर काय करायचं, तो आराखडाही शाळेनं नवा केलाय. तुला वर्गाच्या दारांचं माहीत नसेल. आमची कुलपं कायम लावलेलीच असतात. दिवसभर ये-जा करता यावी म्हणून चौकटीच्या खाचेवर चुंबकाची एक पट्टी चिकटवून ठेवतो, म्हणजे दार नुसतं ढकललं तरी उघडतं. काही झालं की पट्टी ओढून काढायची, दार आपोआप बंद. मग दिवे घालवायचे, मुलांना कोपऱ्यात बसवायचं, बादलीतले लॉलीपॉप वाटायचे. लॉलीपॉप तोंडात असला की पोरं गप्प राहतात.

माझ्यापुरता बदल असा की मी कोपऱ्यात बसायचं नाही. दार ओढून घेऊन बाहेर जायचं, आवाजाच्या दिशेनं. शेजारच्या वर्गाची ग्लेनिस दोन्ही वर्गांच्या मधल्या दारानं येऊन माझ्या मुलांकडे बघणार. कागदावर सगळं नीट बसतं.

तुझी झोप कशी आहे? माझी गेलीय.

जॅम मिळाल्याचं दोन ओळींत तरी कळव. एवढं प्रेम राहू दे.
तुझी,
कॉरीन


रेड बेंच
१५ ऑक्टोबर

चि. कॉरीनला,
अ. उ. आ.

जॅम मिळाला. गोड जास्त झालाय. दोन बरण्या संपल्या.

मिठीचं वाचून हसू आलं, मग आलं नाही. पण सवय होईल. मलाही झाली. पहिलं वर्षभर मी आईच्या घरात शिरताना पिस्तुलाचा पट्टा काढून गाडीत ठेवायचो, मग विसरायला लागलो.

आराखडा बरोबर आहे. बाहेर पडल्यावर मागे वळून बघायचं नाही. मुलांचा विचार मनात आणलास तर पाय अडेल. दार लागलं की मुलं सुरक्षित, एवढंच डोक्यात ठेव आणि पुढे हो. त्याचा शाळेत सराव झाला की सविस्तर लिही.

काळजी करतो हे लिहायची मला सवय नाही, तू समजून घे.
लायल


थिसल क्रॉसिंग
४ नोव्हेंबर

प्रिय लायल,
स. न. वि. वि.

काल सराव झाला. तू सविस्तर लिही म्हणाला होतास, म्हणून बसलेय. तीन कागद फाडून झाले.

दहा वाजता सूचना झाली. मी दिवे घालवले, मुलांना कोपऱ्यात बसवलं, लॉलीपॉप दिले. पट्टी काढून शेल्फवर ठेवली, दार ओढून घेतलं, कुलूप लागल्याचा आवाज ऐकला आणि निघाले. मागे बघितलं नाही. तू सांगितलंस तसंच.

सरावात ऑडेगार्ड सर प्रत्येक दाराची मूठ हलवून बघतात. ग्लेनिसचं दार घट्ट होतं. ती अजून मधल्या दारापर्यंतच पोचली होती, तिच्या वर्गातला एक जण रडायला लागल्यामुळे अडकली होती. मग सरांनी माझ्या वर्गाच्या दाराची मूठ धरून ढकललं आणि दार उघडलं. सताड. अंधारात अकरा पोरं ओळीनं बसलेली, एकानंही आवाज केलेला नाही, इतकी शहाणी. आणि पट्टी पुन्हा चौकटीला चिकटवलेली.

ओपलनं चिकटवली होती. खुर्चीवर चढून, दार किंचित उघडून. सरांनी रागावून नाही, अगदी हळू विचारलं, तरी ती घाबरली. म्हणाली, टीचर बाहेर राहिल्या होत्या. त्यांना आत कसं येता येणार? मी म्हटलं, ओपल, दार कुणासाठी उघडायचं नसतं, माझ्यासाठीही नाही, आपण शिकलो ना? ती म्हणाली, पण तुम्हाला बाऊ झालाय, तुम्हाला पळता येत नाही. तिनं आपला लॉलीपॉप खाल्लाही नव्हता. मी आले की मला द्यायचा म्हणून मुठीत धरून बसली होती.

मी बाहेर कशाला गेले होते, हे मला तिला सांगता येत नाही. नाव गुप्त आहे ना! आणि सांगितलं असतं तरी काय फरक पडला असता? सव्वीस वर्षं मी या मुलांना शिकवते की टीचर आहेत, घाबरू नका. ती ते मनापासून शिकलीत. आता त्याच टीचरला बाहेर ठेवून दार लावून बसा म्हटलं तर ती बसणार नाहीत. त्यांच्या जागी मीही बसले नसते.

आज सकाळी पिस्तूल आणि मंजुरीचे कागद ऑडेगार्ड सरांच्या टेबलावर ठेवून आले. ते बिचारे एवढंच म्हणाले की मग दुसरं कोण. मला माझ्या मुलांबरोबर आत बसायचंय, लायल. वेळ आलीच तर दार माझ्या हातानं लागेल आणि मी दाराच्या आतल्या बाजूला असेन. तू रागावशील हे माहीत आहे. तुझी झोप मी उडवली. पण मला पटत नाही ते तुझ्यासाठीही करता येणार नाही.

रागावलास तरी पत्र टाक. अबोला धरू नकोस, तेवढा सोसवत नाही.
तुझी,
कॉरीन


रेड बेंच
१९ नोव्हेंबर

चि. कॉरीन हिला,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. त्या रागात एक पत्र लिहिलंही. ते टाकायला पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो.

विनीचं तुला मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं कुणालाच सांगितलेलं नाही, तेव्हा तू तरी कॅफेत बोलू नकोस. मी पोचलो तेव्हा तिच्या दुकानाचं दार फोडलेलं नव्हतं. त्या दाराला आतून आडवा घालायचा जाड लोखंडी आडणा होता, तू बघितला आहेस. तो लावला असता तर जावयाला ते दार फोडायला चांगला तासभर लागला असता. आडणा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. कारण मी येतोय हे तिला फोनवर सांगितलं होतं. मला आत येता यावं म्हणून तिनं दार उघडं ठेवलं.

ओपलचं वाचलं आणि भर दुपारी स्वयंपाकघरात बसून रडलो. विनी गेल्यापासूनच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा. तुझं बरोबर आहे. जो आपला असतो त्याच्यासाठी माणूस दार उघडं ठेवतोच. मग सहा वर्षांचं असो की साठ. तू आतच बस.

आता दुसरं. ऑडेगार्डला फोन केला होता. तो म्हणतो एमेटची जागा अजून रिकामी आहे. बॉयलर मला कळतो, बर्फ उपसायला हात आहेत. मंडळाची माणसं भेटली, माझे जुने कागद बघितले, आणखी काय विचारलं आणि काय ठरलं ते तुला सांगणार नाही. नावं गुप्त असतात. त्यांची एक अट मात्र होती, ती सांगतो. काल कानात मशीन बसवून आणलं. तुझं सहा वर्षांचं तुणतुणं बंद कर. रेफ्रिजरेटर एवढा आवाज करतो हे मला माहीतच नव्हतं.

नाताळनंतर येतो. मागची खोली झाडून ठेव आणि त्या पोरीला माझी ओळख करून देऊ नकोस. मी बॉयलरवाला म्हातारा एवढंच पुरे. जिच्याशी ओळख नाही ती माझ्यासाठी दार उघडणार नाही.

तुझा भाऊ,
लायल


शाळा
१६ जानेवारी

लायल,
स. न. वि. वि.

एका छपराखाली राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तुझं मशीन आल्यापासून तू सगळंच ऐकतोस, आणि हे तोंडानं सांगायला गेले तर मला नीट सांगता येणार नाही. म्हणून डब्यात ठेवतेय. सँडविच आधी खा.

आज सराव झाला. पट्टी मी काढली, दार लागलं आणि मी मुलांच्या मधोमध बसले. ओपल उजव्या बाजूला येऊन चिकटली. कमरेला हात लावून बघितला आणि म्हणाली, बाऊ बरा झाला. मी हो म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

मग सरांऐवजी तू येऊन मूठ हलवलीस. तुझ्या बुटांचा आवाज मी ओळखला. दार हललं नाही. तू पुढच्या दाराकडे जायच्या आधी जरा थांबलास, तेही कळलं. तेवढ्यात ओपल उठली. मी तिला धरायला हात पुढे केला. पण तिनं कुलपाला हात लावला नाही. दारापाशी पोटावर पालथी पडली, आपला लॉलीपॉप दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवला आणि परत येऊन गुपचूप बसली. माझ्या कानात म्हणाली, बाहेर जे आजोबा आहेत ना, त्यांना कुणी दिलाच नसेल.

दार बंदच राहिलं, लायल. लॉलीपॉप लाल रंगाचा होता. तू उचललास, हे मला फटीतून दिसलं.

तुझीच,
कॉरीन