टिनावरचा चुना

रविवार, डिसेंबर. जऊळका.

मुलीनं तिच्या प्रयोगशाळेतून छपरांवर लावायचा नखाएवढा पापुद्रा आणलाय. तापला की त्याची आतली रचना बदलते आणि तो उष्णता बाहेर सोडतो. निवला की धरून ठेवतो.

बाबा छपराच्या टिनांना उन्हाळ्याआधी डिंक घातलेला चुना फासत, आणि दिवाळीनंतर तोच खरडून काढत. शिडी धरून मी कुरकुरायचो, "कायले खरडून राह्यले?"

"तुले थंडी वाजते ना? मंग धर शिडी."

मला हसू यायचं. आज मुलगी म्हणाली, "आजोबांचं बरोबर होतं. चुना थंडीतही उष्णता सोडत राहतो, कोरं टीन फारशी सोडत नाही."

बाबांच्या शेवटच्या वर्षी मी शिडी धरायला आलोच नाही. एकट्यानं त्यांनी अर्धंच छप्पर खरडलं. उरलेल्या अर्ध्यावर चुना अजून आहे. उद्या तो खरडायला चढेन. शिडी धरशील का, हे तिला विचारायचं राहिलं.